संमतिवयाचा वाद आणि मतलेख वाचण्याची रीत

मराठी वृत्तपत्रे बातमीपेक्षा मताच्या बळावर वाढली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले तेव्हापासून लोकशिक्षण हा मराठी पत्रांचा उघड हेतू राहिला. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये येऊ लागली, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली निघाली, पुढे १८८१ मध्ये 'केसरी', १८८८ मध्ये 'सुधारक' आणि १९२० मध्ये 'मूकनायक' यांचा जन्म झाला, आणि यांपैकी प्रत्येकाचे नाव त्यांनी दिलेल्या बातम्यांमुळे नव्हे, तर त्यांनी घेतलेल्या भूमिकांमुळे टिकले. या परंपरेने मराठी वाचकाला अग्रलेख वाचण्याची, त्यावर हिरिरीने वाद घालण्याची आणि लेखकाच्या बाजूने किंवा विरुद्ध उभे राहण्याची सवय लावली. मात्र लेख पटला की नाही, हा प्रश्न जितक्या सहज विचारला जातो तितक्या सहज तो नेमका कशामुळे पटला, हा प्रश्न विचारला जात नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची साधने भारतीय तर्कपरंपरेत फार पूर्वीपासून आहेत, आणि ती एखाद्या खऱ्या, दोन्ही बाजूंना समर्थ लेखक लाभलेल्या वादावर वापरून पाहिली म्हणजे त्यांची धार कळते. १८९१ सालचा संमतिवयाचा वाद यासाठी विशेष उपयोगी आहे.

न्यायशास्त्रात अनुमान मांडण्याची जी पद्धत सांगितली आहे, तिच्यातील तीन गोष्टी मतलेख वाचणाऱ्याने मनाशी पक्क्या धराव्यात. पहिली प्रतिज्ञा, म्हणजे लेखकाला वाचकाकडून जे मान्य करवून घ्यायचे आहे ते विधान. दुसरा हेतू, म्हणजे ते विधान का मानावे याचा आधार; आकडे, साक्षी, कागदपत्रे, ग्रंथवचने, अनुभव हे सारे त्यात येते. तिसरी व्याप्ती, म्हणजे हेतूला प्रतिज्ञेशी बांधणारा सर्वसाधारण नियम. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो, हे पाठ्यपुस्तकी उदाहरण सर्वांना ठाऊक असते. त्यातील अग्नी ही प्रतिज्ञा, धूर हा हेतू, आणि जिथे धूर तिथे अग्नी असतोच, ही व्याप्ती. शास्त्रीय वादात व्याप्ती उदाहरणासह स्पष्ट सांगावी लागते. वृत्तपत्रातील लेखात मात्र ती बहुतेक वेळा अध्याहृत राहते, आणि वाचक तिला नकळत होकार देऊन पुढे जातो. ब्रिटिश तत्त्वचिंतक स्टीफन टुलमिन यांनी १९५८ साली रोजच्या व्यवहारातील युक्तिवादांचे जे विश्लेषण केले, त्यातही हाच मुद्दा मध्यवर्ती होता: माणसे दावा सांगतात, आधार सांगतात, पण त्या आधारावरून त्या दाव्यापर्यंत जाण्याचा परवाना कोठून मिळाला, हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. टुलमिन यांनी आणखी दोन गोष्टींकडे लक्ष वेधले. दावा 'निश्चित' म्हणून केला आहे की 'बहुधा' म्हणून, ही एक; आणि कोणत्या परिस्थितीत तो लागू पडणार नाही, हे लेखकाने कबूल केले आहे की नाही, ही दुसरी.

याला जोडूनच ॲरिस्टॉटलने केलेली मन वळवण्याच्या मार्गांची विभागणी लक्षात घ्यावी लागते. श्रोता तीन गोष्टींनी वळतो असे त्याने सांगितले: बोलणाऱ्याच्या चारित्र्यावरील विश्वासाने, स्वतःच्या मनात जागवल्या गेलेल्या भावनेने, आणि खुद्द युक्तिवादाने. यांतील पहिल्या दोन मार्गांना आडमार्ग समजण्याची चूक अनेक जण करतात. विश्वास आणि भावना यांना मतलेखनात हक्काची जागा आहे. प्रश्न एवढाच असतो की ती भावना विषयाच्या गाभ्यातील वस्तुस्थितीतून आलेली आहे की विषयापासून लक्ष हटवण्यासाठी आणलेली आहे.

आता प्रत्यक्ष वादाकडे वळता येईल. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने दहा वर्षांखालील मुलीशी, मग ती पत्नी का असेना, शरीरसंबंध हा गुन्हा ठरवला होता. बेहरामजी मलबारी या मुंबईच्या पारशी पत्रकाराने १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध करून देशभर मते मागवली. त्याच वर्षी दादाजी भिकाजी यांनी आपल्या पत्नी रखमाबाईंनी सासरी नांदायला यावे यासाठी मुंबईच्या न्यायालयात दावा लावला आणि तो १८८८ पर्यंत गाजत राहिला. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा वर्षे ओलांडलेली मुलगी पतीच्या बळजबरीने मरण पावली; वयाची दहा वर्षे पूर्ण झालेली असल्याने बलात्काराचे कलम तिच्या पतीला लागू झाले नाही आणि कमी गंभीर आरोपाखाली त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. जानेवारी १८९१ मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात ही वयोमर्यादा, म्हणजेच संमतिवय, दहावरून बारा करणारे विधेयक मांडले आणि १९ मार्च १८९१ रोजी ते संमत झाले. मधल्या दोन-अडीच महिन्यांत, आणि त्याआधीचे वर्षभरही, पुण्या-मुंबईची पत्रे या विषयाने भरून गेली होती. 'केसरी'तून टिळकांनी विरोध केला, 'सुधारका'तून आगरकरांनी पाठिंबा दिला आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी संस्कृत धर्मग्रंथांच्या आधारे विधेयकाची बाजू मांडली.

टिळकांच्या विरोधाचे बारकाईने वाचन केले तर त्यात एक नव्हे, तीन प्रतिज्ञा आढळतात. परक्या सरकारला हिंदू समाजाच्या धार्मिक आचारात कायद्याने हात घालण्याचा अधिकार नाही, ही पहिली. ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान हा शास्त्रविहित संस्कार असल्याने बारा वर्षांची अट धर्माच्या आड येते, ही दुसरी. समाजसुधारणा शिक्षणाने आणि लोकमताने होते, शिक्षेच्या भयाने होत नाही, ही तिसरी. या तिन्हींचा रोख एकच असला तरी त्यांना लागणारा पुरावा अगदी वेगळा आहे. पहिलीसाठी राजकीय तत्त्व आणि १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातील धर्मात ढवळाढवळ न करण्याचे आश्वासन हा आधार होता; दुसरीसाठी गृह्यसूत्रे, स्मृती आणि त्यांवरील टीका उघडाव्या लागत; तिसरीसाठी आधीच्या कायद्यांचा समाजावर काय परिणाम झाला, याचा अनुभव तपासावा लागे. शिवाय त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. पहिली खरी मानली तर मुलीचे वय दहा असावे की बारा, हा प्रश्नच अप्रस्तुत ठरतो, आणि दुसरी कोणी खोडून काढली तरी पहिली जागच्या जागी उभी राहते. त्यामुळे भांडारकरांनी शास्त्रार्थात कितीही समर्थ उत्तर दिले तरी वाद संपत नव्हता, कारण तोवर तो अधिकाराच्या प्रश्नावर गेलेला असे. एकाच लेखमालेत अनेक प्रतिज्ञा गुंफलेल्या असतात तेव्हा वाचकाने त्या सुट्या करून प्रत्येकीचा आधार वेगळा मागितला पाहिजे. अन्यथा एका प्रतिज्ञेचा पुरावा दुसरीच्या खात्यावर जमा होतो.

भांडारकरांची पद्धत वेगळ्या कारणाने अभ्यासण्यासारखी आहे. ते काटेकोर संशोधक होते आणि प्रार्थना समाजाचे अग्रणीही. पहिल्या ऋतूनंतर लगेच गर्भाधान झालेच पाहिजे असा शास्त्राचा निरपवाद आदेश नाही, असे त्यांनी वचने तपासून दाखवले, आणि टिळकांनी त्या वचनांचे अर्थ वेगळे लावून त्यांना उत्तर दिले. बाहेरून पाहता हे दोघे परस्परविरोधी पक्ष दिसतात. व्याप्ती तपासली की चित्र बदलते: या विशिष्ट प्रश्नावरील चर्चेत शास्त्राने जे सांगितले ते बंधनकारक आहे, हा नियम दोघांनीही गृहीत धरला होता आणि मतभेद होता तो फक्त शास्त्राने काय सांगितले, या हेतूविषयी. श्रोत्याला मान्य असलेल्या भूमीवर उभे राहून त्याला नव्या निष्कर्षापर्यंत नेणे हा मन वळवण्याचा अत्यंत परिणामकारक मार्ग आहे, आणि धर्मनिष्ठ वाचकाला उद्देशून भांडारकरांनी तो जाणतेपणाने स्वीकारला असे म्हणण्यास जागा आहे. त्या मार्गाला किंमतही मोजावी लागते. शास्त्रवचन निःसंदिग्धपणे विरुद्ध गेले असते तर काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर त्या भूमीवर उभे राहून देता येत नाही.

ते उत्तर आगरकरांनी दिले, आणि या वादातील त्यांचे वेगळेपण तिथेच आहे. प्रथा न्याय्य आहे की नाही याचा निर्णय माणसाने आपल्या बुद्धीने आणि प्रथेच्या परिणामांवरून करावा, ग्रंथाच्या आज्ञेवरून करू नये, ही 'सुधारका'ची भूमिका होती. म्हणजे त्यांचा आघात हेतूवर नव्हता, व्याप्तीवर होता. भांडारकर आणि टिळक ज्या नियमाच्या आत राहून भांडत होते तो नियमच आगरकरांना मान्य नव्हता. अशा लेखनाला तात्काळ यश क्वचितच मिळते, कारण वाचकाच्या मनातील सर्वांत खोल आणि सर्वांत कमी तपासलेल्या श्रद्धेला ते हात घालते, आणि आगरकरांना त्यांच्या हयातीत जो विरोध सोसावा लागला त्याचे एक कारण हेच आहे. परंतु लेखनाचे मोल ठरवताना त्याच आठवड्यात किती वाचक वळले एवढाच निकष धरला, तर मराठी निबंधातील सर्वांत मौल्यवान लेखन बाद ठरेल. शास्त्रार्थाचा तो कीस आज अभ्यासकांखेरीज कोणी वाचत नाही. आगरकरांचे निबंध वाचले जातात.

पुराव्याच्या बाबतीत या वादात एक प्रश्न वारंवार पुढे आला आणि तो आजच्या प्रत्येक मतलेखाला लागू आहे. फुलमणी दासीच्या मृत्यूने नेमके काय सिद्ध होत होते? एका घटनेवरून असे प्रकार किती प्रमाणात घडतात हे सांगता येत नाही, आणि विरोधकांनी ती घटना अपवादात्मक ठरवली तेव्हा तर्कदृष्ट्या त्यांना तेवढी जागा होती. पण कायद्यात भोक आहे, दहा वर्षे ओलांडलेल्या मुलीला तो वाचवू शकत नाही, हे सिद्ध करण्यास ती एकच घटना पूर्ण पुरेशी होती. एकच पुरावा एका प्रतिज्ञेसाठी दुबळा आणि दुसरीसाठी निर्णायक असू शकतो. भारतात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी आपल्या पाहण्यातील इजा आणि मृत्यूंची प्रकरणे व्हाइसरॉयकडे सादर केली तेव्हा प्रमाणाच्या प्रश्नाचेही काहीसे उत्तर मिळाले. फुलमणीच्या कहाणीने वाचकांच्या मनात जो संताप आणि जी करुणा जागी केली, ती भावना युक्तिवादाला बाहेरून चिकटवलेली नव्हती. ज्या हानीविषयी वाद चालला होता तीच हानी त्या घटनेत दिसत होती, म्हणून तिथे भावना हीच वस्तुस्थितीची योग्य जाणीव होती.

याच वादात एका वेगळ्या प्रकारच्या पुराव्याची उणीव जाणवते. गर्भाधान, संमती, वय या साऱ्यांवर पंडित, वकील, संपादक आणि कौन्सिलचे सभासद बोलले. ज्यांच्या देहाविषयी हे बोलणे होते त्या मुलींची साक्ष जवळजवळ कोठेच नव्हती. याला मोठा अपवाद रखमाबाईंचा. त्यांनी १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने बालविवाह आणि वैधव्य यांवर पत्रे लिहिली, आणि त्यांचे सामर्थ्य प्रत्यक्ष प्रमाणाचे होते: जे भोगले ते सांगण्याचा अधिकार इतर कोणाहीपेक्षा भोगणाऱ्याला जास्त असतो. पुढे त्या लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ डॉक्टर म्हणून सेवा केली. कोणताही मतलेख वाचताना, ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्यांचा आवाज यात आहे काय, हे पाहण्याची सवय या एका उदाहरणावरून लावून घ्यावी.

टिळकांचा डाव मात्र केवळ युक्तिवादाचा नव्हता. १८९० च्या अखेरीस त्यांनी असा प्रस्ताव पुढे आणला की मुलींचे लग्न सोळा वर्षांपूर्वी आणि मुलांचे वीस वर्षांपूर्वी करू नये, विधवांचे केशवपन बंद करावे, हुंडा घेऊ नये, अशा काही अटी सुधारणावाद्यांनी प्रथम स्वतःवर बंधनकारक करून घ्याव्यात. मन वळवण्याची कृती म्हणून या प्रस्तावाने एकाच वेळी तीन कामे साधली: आपण सुधारणेच्या विरुद्ध नसून सक्तीच्या विरुद्ध आहोत, हे त्याने वाचकाला पटवले, चर्चा कायद्याच्या गुणदोषांवरून कायद्याच्या समर्थकांच्या आचरणाकडे वळवली, आणि बारापेक्षा मोठा आकडा स्वतःच पुढे ठेवून नैतिक उंची मिळवली. आचरणाचा प्रश्न महत्त्वाचा होता, कारण अनेक सुधारकांचे बोलणे आणि वागणे यांत अंतर होते. तरीही सुधारक स्वतः कसे वागतात यावरून बारा वर्षांखालील मुलीला कायद्याचे संरक्षण द्यावे की नाही, हे ठरत नाही. चारित्र्य हा वक्त्यावरील विश्वासाचा आधार आहे. प्रतिज्ञेच्या सत्यतेचा तो आधार होत नाही, आणि हा भेद धूसर झाला की चर्चा व्यक्तींपुरती उरते. चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची जी टर उडवली ती याच दोषाचे अधिक ठळक उदाहरण आहे: व्याकरणाच्या चुका दाखवून शूद्रातिशूद्रांवरील अन्यायाविषयीचे विधान खोटे ठरत नव्हते, आणि चिपळूणकरांच्या गद्याची थोरवी मान्य करूनही हे सांगावेच लागते.

पुराव्याच्या अस्सलतेचा धडा खुद्द 'केसरी'ला सुरुवातीलाच मिळाला. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांनी छत्रपती शिवाजीराव यांचा छळ चालवला आहे, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी केला आणि त्याच्या पुष्ट्यर्थ बर्व्यांची म्हणून काही पत्रे छापली. खटल्यात ती पत्रे खोटी निघाली. आगरकर आणि टिळक यांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढल्यावर त्यांची सुटका झाली. दोघांच्याही सद्धेतूविषयी तेव्हाही फारशी शंका घेतली गेली नाही, उलट त्यांची लोकप्रियता वाढली. सद्धेतू हा पुरावा नसतो, आणि आपल्या आधीच पक्क्या झालेल्या मताला अनुकूल असा कागद हाती येतो तेव्हा तो पारखण्याची गरज सर्वांत जास्त असते, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशाने दाखवलेले नाही.

लेखाचा मथळा हाही युक्तिवादाचा भाग असतो. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर सरकारने जी दडपशाही सुरू केली, तिच्यावर ६ जुलै १८९७ च्या 'केसरी'त 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या मथळ्याचा अग्रलेख आला. व्याकरणाने हा प्रश्न आहे. कार्याने ते विधान आहे. उत्तर वाचकाच्या तोंडून यावे अशी योजना त्यात आहे, आणि स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर माणूस सहसा तपासत नाही. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये सुरू केलेल्या 'काळ' पत्रात हेच तंत्र वक्रोक्तीच्या रूपाने पराकोटीला नेले: जे म्हणायचे ते न म्हणता त्याच्या उलट म्हणायचे आणि खरा अर्थ वाचकाने पुरा करायचा. राजद्रोहाच्या कायद्याच्या छायेत लिहिणाऱ्यांसाठी ती गरजही होती, आणि तरीही १९०८ मध्ये परांजप्यांना तुरुंगवास चुकला नाही. अशा लेखनात प्रतिज्ञा कागदावर नसतेच. म्हणून वाचकाने ती स्वतः सरळ वाक्यात लिहून पाहावी आणि मग तिला आधार काय, हे विचारावे.

१९०८ हे वर्ष मतलेखनाच्या विश्लेषणाच्या दृष्टीने आणखी एका कारणाने संस्मरणीय आहे. त्या वर्षी मतलेखांची चिकित्सा न्यायालयात, ज्युरीसमोर, कित्येक दिवस चालली. मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटात दोन इंग्रज स्त्रिया ठार झाल्यानंतर 'केसरी'त १२ मे रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जून रोजी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख आले, आणि त्यांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः करताना एकवीस तासांहून अधिक काळ भाषण केले. मूळ मराठीचा भाव इंग्रजी भाषांतरात विपरीत झाला आहे, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा होता. दुसरा मुद्दा आजही तितकाच जिवंत आहे. सरकारी दडपशाहीमुळे तरुण बॉम्बकडे वळतात, हे कार्यकारणाचे विधान आहे. तरुणांनी बॉम्ब टाकला हे योग्य केले, हे समर्थनाचे विधान आहे. कारण सांगणारा लेखक समर्थन करतोच असे नाही, आणि समर्थन करू इच्छिणारा लेखक कारण सांगण्याच्या आडून ते करू शकतो, हेही तितकेच खरे. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढील ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरवले आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. राजसत्तेने ती सीमारेषा आपल्या सोयीने पुसली, हा इतिहासाचा निर्णय आहे. परंतु दंगल, आत्महत्या, दहशतवाद अशा विषयांवरील लेख वाचताना कारण कोठे संपते आणि समर्थन कोठे सुरू होते, हे पाहण्याची जबाबदारी वाचकावर कायम राहते.

दृष्टांताविषयीही थोडे सांगितले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात हिंदू समाजाची तुलना जिने नसलेल्या अनेक मजली मनोऱ्याशी केली: ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. दृष्टांत स्वतः काही सिद्ध करत नाही. तो विखुरलेल्या वस्तुस्थितीला एक आकार देतो. म्हणून ज्या गोष्टीवर निष्कर्ष उभा आहे तिथे दृष्टांत आणि वस्तू यांचे साम्य टिकते काय, एवढेच तपासायचे असते. मजला बदलण्याची वाटच नसणे हा जातिव्यवस्थेचा गाभा आहे, आणि साम्य नेमके तिथे आहे; त्यामुळे शंभर वर्षांनंतरही त्या दृष्टांताचे बळ कमी झालेले नाही.

आकड्यांनी भरलेल्या आजच्या स्तंभलेखनाला हीच कसोटी लावावी. शंभरात दोन असलेले प्रमाण तीन झाले तर ते पन्नास टक्क्यांनी वाढले असेही म्हणता येते आणि शंभरामागे एकाने वाढले असेही म्हणता येते. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही वाचकाला वेगवेगळ्या दिशेने ढकलतात. आकडा कोणत्या पायावर मोजला, कोणत्या वर्षापासून मोजला आणि तो मोजणाऱ्याचा त्यात काही हितसंबंध आहे काय, हे तीन प्रश्न विचारले की बहुतेक आकडे आपली खरी उंची दाखवतात.

या सर्व साधनांतून एकच निवडायचे झाले तर पूर्वपक्ष निवडावा. शास्त्रीय ग्रंथात प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम, आणि त्याच्या सर्वांत समर्थ रूपात मांडून मगच त्याचे खंडन करण्याची शिस्त होती. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करत राहते ती वितंडा. प्रतिपक्षाच्या शब्दांचा त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ घेऊन त्याला खोडणे याला छल म्हटले आहे. 'नवकंबल' असलेला माणूस म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला, असा उघड अर्थ असताना नऊ घोंगड्या कोठे आहेत असे विचारणे, हे त्याचे परंपरेतील उदाहरण. एखादा लेख वादात मोडतो की जल्पात, हे लेखकाच्या भाषेच्या तीव्रतेवरून कळत नाही. आगरकर अतिशय तीव्र लिहीत. ते कळते लेखात उमटलेल्या पूर्वपक्षावरून. विरोधकाने तो परिच्छेद वाचून 'होय, माझे म्हणणे हेच आहे' असे म्हटले असते काय, हा प्रश्न विचारावा. उत्तर नकारार्थी असेल, तर त्या लेखातील पुढचा विजय कितीही चमकदार असला तरी तो कोणावर मिळवलेला नाही.

१८९१ च्या कायद्याखाली खटले फारच थोडे झाले, आणि केवळ कायद्याने प्रथा बदलत नाही, या टिळकांच्या तिसऱ्या प्रतिज्ञेला तेवढ्यापुरते बळ मिळाले. प्रश्न मात्र मिटला नाही. विवाहांतर्गत वयाची मर्यादा १९२५ मध्ये तेरा आणि १९४९ मध्ये पंधरा झाली आणि तिथेच अनेक दशके थांबली. ती अठरापर्यंत न्यावी यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका आली तेव्हा देशात बालविवाह अजूनही मोठ्या संख्येने होतात, ही वस्तुस्थिती दोन्ही पक्षांना मान्य होती. केंद्र सरकारने तिच्यावरून असा निष्कर्ष काढला की पंधराची मर्यादा राहू द्यावी, कारण अशा विवाहांना गुन्ह्याच्या कक्षेत आणणे व्यवहार्य नाही. याचिकाकर्त्यांनी त्याच वस्तुस्थितीवरून असा निष्कर्ष काढला की इतक्या मुलींना संरक्षणाची तातडीने गरज आहे. हेतू एकच होता, प्रतिज्ञा परस्परविरुद्ध होत्या, आणि सारा भेद मधल्या न बोललेल्या नियमात होता: कायद्याने समाजाच्या चालीप्रमाणे चालावे, की दुर्बलाच्या रक्षणासाठी चालीच्या पुढे जावे. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायालयाने दुसऱ्या नियमाची बाजू घेतली आणि पत्नी अठरा वर्षांखालील असेल तर पतीला बलात्काराच्या कलमातून सूट मिळणार नाही, असा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अठरा वर्षांची ती मर्यादा आता कायद्याच्या शब्दांतच आली आहे.